आपले नाक : आतून आणि बाहेरून

व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही 'नाक' असे सांगितले. त्यांना वाटले, आम्ही थट्टा करतो आहोत. कामगार चळवळीतला माणूस बोलावयाचा म्हणजे बोनस, महागाई भत्ता, कंत्राटी पद्धत, फार तर मे दिनाचा इतिहास. नाकाचा येथे काय संबंध? संबंध आहे, आणि तो सांगण्यासाठीच आम्ही कळंबला आलो. आमचे शाळेतले शिक्षण सातवीवर थांबले. शरीरशास्त्र आम्ही शिकलो ते रद्दीच्या दुकानातून आणलेल्या पुस्तकांवरून, दोनतीन डॉक्टर मित्रांचे डोके खाऊन आणि उरलेले कारखान्यांच्या दाराशी. तेव्हा पंडिती भाषेची अपेक्षा कोणी ठेवू नये.

'नाक दाबले की तोंड उघडते' ही म्हण आम्ही मालकवर्गासंबंधी वर्षानुवर्षे वापरत आलो. शरीरशास्त्राच्या दृष्टीनेही ती अगदी बरोबर आहे हे आम्हांस पुष्कळ उशिरा कळले. घशाकडे जाणाऱ्या हवेला वाटा दोनच. एक अडली की दुसरी उघडावीच लागते. तान्ह्या मुलाला मात्र ही म्हण नीट लागू पडत नाही. जन्मानंतरचे पहिले काही महिने मूल बहुतेक नाकानेच श्वास घेते. म्हणून साधे पडसे झाले तरी अंगावर पिताना ते कासावीस होते, तोंड सोडते, रडते, पुन्हा लागते. घरातल्या बायका म्हणतात, दूध ओढत नाही. दोष दुधात नसतो. नाक चोंदलेले असते.

आता एक प्रयोग करावा. नाक चिमटीत घट्ट धरून 'मामा' म्हणून पाहावे. व्याख्यानाच्या वेळी सगळ्या सभेने तो केला आणि 'बाबा, बाबा' असा गजर झाला. 'नाना' म्हणू गेलात तर 'दादा' होईल. म आणि न उच्चारताना तोंडाची वाट ओठांनी वा जिभेने बंद होते आणि आवाज पडजिभेमागून वर नाकात शिरतो. तीही वाट बंद केली म्हणजे उरतात ते ब आणि द. आपण ज्यांना अनुनासिक म्हणतो ती अक्षरे या पोकळीच्या आधारावर उभी आहेत.

ही पोकळी कोणत्या दिशेने जाते, याविषयी मात्र बहुतेकांची समजूत चुकीची असते. बाहेरचे नाक वरून खाली उतरते, म्हणून आतली वाटही भुवयांकडे चढत असेल असे वाटते. 2020 साली करोनाच्या तपासणीची काडी ज्यांच्या नाकात गेली त्यांना खरे काय ते समजले असेल. काडी वर गेली नाही, सरळ मागे गेली. मोठ्या माणसात 8 ते 10 सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ कानाच्या पाळीच्या रेषेपर्यंत. नाकाची जमीन म्हणजे तोंडाचे छत. जीभ टाळूला लावा. तिच्या वर जे पातळ हाड आहे त्याच्या पलीकडे लगेच नाक सुरू होते. एकाच भिंतीच्या दोन बाजूंना दोन बिऱ्हाडे असावीत तसे हे आहे.

आत काय आहे हे आम्ही प्रथम पाहिले ते पुस्तकात नव्हे, खाटकाच्या दुकानात. बोकडाचे मुंडके मधोमध उभे फोडले की नाकाची सगळी मांडणी उघडी पडते. मध्ये उभा पडदा; पुढचा भाग कूर्चेचा, मागचा पातळ हाडांचा. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर कागदाची सुरळी करावी तशी वळलेली हाडे, आणि त्यांवर गुलाबी ओलसर अस्तर. माणसात ही हाडे प्रत्येक बाजूला तीन, एकाखाली एक, शिंपल्याच्या आकाराची. जनावरात ती अधिक गुंतागुंतीची असतात. खाटीक आम्हांस म्हणाला, "भाऊ, यात खायला काही नाही." खायला नाही हे खरे, पण पाहायला पुष्कळ आहे. हाडे अशी वळवून ठेवल्यामुळे एवढ्याशा जागेत अस्तराचा विस्तार कितीतरी वाढतो, आणि आत येणाऱ्या हवेला सरळ धावता येत नाही. ती भिंतींवर घासत, वळसे घेत जाते.

या वळशांतच नाकाचे खरे काम चालते. मोठा माणूस दिवसभरात सुमारे दहा हजार लिटर हवा आत घेतो. पौषातली पहाटेची हवा असो की वैशाखातली दुपारची, घशापर्यंत पोचते तेव्हा ती शरीराच्या उष्णतेच्या जवळ आलेली आणि ओलाव्याने भरलेली असते. अस्तराखाली रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते, ते आलटूनपालटून फुगते. त्यामुळे निरोगी माणसाचीही एक नाकपुडी काही तास अधिक मोकळी असते आणि नंतर दुसरी. आपल्याकडील योगमार्गी लोकांनी हे फार पूर्वी हेरले आणि चंद्रनाडी, सूर्यनाडी अशी नावे दिली. त्यावर पुढे त्यांनी जे शुभाशुभ उभारले ते आम्हांस पटत नाही; निरीक्षण मात्र पक्के होते.

अस्तरावर चिकट द्रवाचा पातळ थर असतो, तोच शेंबूड. या शब्दाला नाके मुरडण्याचे कारण नाही. थराखाली डोळ्यांना न दिसणारी लव असते आणि ती सेकंदाला दहाबारा वेळा हलते, सगळी एकाच दिशेने, वाऱ्यावर डोलणाऱ्या भातासारखी. तिच्या बळावर चिकट थर मिनिटाला पाचसहा मिलिमीटर या गतीने मागे घशाकडे सरकतो. त्यावर चिकटलेली धूळ पंधरावीस मिनिटांत घशात उतरते, आपण ती नकळत गिळतो आणि पोटातले आम्ल तिचा निकाल लावते. ही लव काम करते की नाही हे पाहण्यासाठी नाकात पुढच्या बाजूला सॅकरिनचा कण ठेवून तोंडाला गोडवा किती वेळाने येतो ते मोजण्याची पद्धत आहे. विडीसिगारेट ओढणाऱ्यांत ही गती बहुधा मंदावलेली आढळते.

नाकाला जोडून असलेल्या पोकळ्यांविषयी थोडक्यात. कपाळात, गालांत, दोन डोळ्यांच्या मध्ये आणि पार मागे कवटीच्या तळाशी, अशा पोकळ्यांच्या चार जोड्या नाकात उघडतात. गालातल्या पोकळीचे तोंड तिच्या तळाशी नसून वर आहे, म्हणून उभ्या माणसात तिचा निचरा नीट होत नाही, आणि सर्दी मुरली की गाल ठणकतो. डोळ्यांतले पाणीही एका नळीने नाकातच येते. रडणारा माणूस नाक ओढतो त्याचे कारण हेच. कानाची नळी नाकाच्या मागे उघडते. म्हणून खंडाळ्याचा घाट चढताना कानाला दडे बसतात आणि आवंढा गिळला की सुटतात.

आता वास. नाकाच्या अगदी वरच्या कोपऱ्यात काही चौरस सेंटिमीटरचा एक पट्टा आहे. तेथील ज्ञानतंतू चाळणीसारखी भोके असलेल्या हाडातून थेट मेंदूत शिरतात. 1991 साली लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी या वासग्राहकांची जनुके शोधली, आणि 2004 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. माणसात अशा ग्राहकांचे सुमारे चारशे प्रकार आहेत, आणि त्यांच्या निरनिराळ्या जुळणीतून मोगरा, हिंग, पहिल्या पावसाची माती आपण ओळखतो.

पण नाकात दुसराही एक ज्ञानतंतू असतो, आणि कामगाराच्या दृष्टीने तो फार महत्त्वाचा. मिरची भाजली की जे झोंबते तो वास नव्हे; ती आग आहे. ती कळविणारा तंतू चेहऱ्याच्या वेदना नेणारा. अमोनिया, क्लोरीन, आम्लाची वाफ यांची खबर हाच देतो. 1984 च्या डिसेंबरात भोपाळला वायू सुटला तेव्हा झोपेतून उठलेल्या लोकांना कोठेतरी मिरच्यांची पोती जळत आहेत असे वाटले. त्यांच्या नाकांनी आपले काम चोख केले होते. पळावे कोणत्या दिशेला, हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते.

आणि काही विषांपुढे हे दोन्ही तंतू मुके राहतात. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवली तर जो कार्बन मोनॉक्साइड साचतो त्याला वास नाही आणि तो झोंबतही नाही. गटारात आणि मैल्याच्या टाकीत असणारा हायड्रोजन सल्फाइड याहून कपटी. थोडा असताना त्याला कुजक्या अंड्यांची घाण येते. प्रमाण वाढले की तो वास घेणारे तंतूच बधिर करतो. झाकण उघडताना घाण आली आणि उतरल्यावर गेली, म्हणजे हवा सुधारली असे समजून माणूस पुढे जातो आणि कोसळतो. त्याला काढण्यासाठी दुसरा उतरतो, तोही वर येत नाही. हवा यंत्राने तपासल्याशिवाय टाकीत कोणी उतरू नये, आणि वरच्याने दोर धरल्याशिवाय तर नाहीच. मग मुकादम काही म्हणो.

धुळीच्या बाबतीतही तेच. आपल्या कर्जत-खालापूरकडे भात घरात आले की वीटभट्ट्या लागतात. आदिवासी कुटुंबे पोराबाळांसह भट्टीवर राहावयास जातात. विटा थापणाऱ्याच्या, वाहणाऱ्याच्या, भट्टीत कोळसा आणि तूस भरणाऱ्याच्या नाकात संध्याकाळी काळी खपली असते. ती दाखवून आम्हांस अनेकांनी सांगितले आहे, "बघा, नाकाने सगळे अडवले." अडवले ते मोठे कण. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन. दहा मायक्रॉनच्या वरची धूळ बहुतेक नाकात अडकते. पाचाच्या खालची बरीचशी निसटते आणि फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोचते. दगडाच्या धुळीने फुप्फुस दगडासारखे होते ते याच बारीक कणांनी. धुराचे कण तर त्याहून बारीक. तेव्हा नाकात दिसते ती धूळ आपल्याला मारीत नाही. मारते ती दिसत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल या बारीक धुळीला जवळपास मोकळीच वाट देतो. रुमाल वाटून सुरक्षेचे काम संपले असे म्हणणाऱ्या साहेबाला हे आकडे जरूर ऐकवावेत. धूळ उडते तेथेच पाणी मारणे, ती ओढून नेणे, आणि ते शक्य नसेल तर बारीक कण अडविणारा योग्य मुखवटा देणे, यालाच उपाय म्हणता येईल.

विटांवरून एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण बाहेरच्या नाकाच्या इतिहासात विटा करणाऱ्या एका माणसाला फार मोठे स्थान आहे, आणि तो पुण्याजवळचा होता. 1792 च्या म्हैसूरच्या लढाईत इंग्रजी फौजेबरोबर कावसजी नावाचा एक बैलगाडीवान होता. नाव पारशासारखे वाटते, पण नोंदीत तो मराठा शेतकरी असे लिहिले आहे. टिपूच्या सैन्याने त्याला पकडले, आणि त्याचे नाक व एक हात कापला गेला. वर्षभर तो तसाच वावरला. नाक कापले जाणे ही आपल्या भाषेत बेअब्रूची परमावधी. येथे ते अक्षरशः झालेले. पुढे पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीच्या, म्हणजे बहुधा कुंभारच असावा अशा, एका माणसाने त्याला नवे नाक बसविले. मुंबईच्या क्रूसो आणि फिंडले या शल्यवैद्यांनी ही शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिली, आणि ऑक्टोबर 1794 च्या लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये तिचे वर्णन चित्रासह छापून आले.

कृती अशी होती. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोटकावर बसवून त्याला नाकाचा आकार द्यावयाचा. मग तो सपाट करून कपाळावर ठेवावयाचा आणि त्याभोवती रेघ ओढावयाची. त्या रेघेवरून कपाळाची कातडी सोडवावयाची, पण दोन भुवयांच्या मधली एक चिंचोळी पट्टी जोडलेलीच ठेवावयाची. सगळे मर्म या पट्टीत आहे. तिच्यातून जाणाऱ्या रक्तवाहिन्या कातडीला जिवंत ठेवतात. थोटकाची कड ताजी करून, कातडी अर्धा वळसा देऊन खाली उतरवावयाची आणि बसवावयाची. वरून आपण पानात घालतो तो कात पाण्यात मऊ करून, कापडाच्या पट्ट्यांवर माखून, त्या पाचसहा थरांनी लावावयाच्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेले कापड. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून मऊ कापडाच्या वाती. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास कातडी नव्या जागी रुजली म्हणजे भुवयांमधली पट्टी कापावयाची.

नाक जोडण्याची विद्या सुश्रुतसंहितेतही आहे. तेथे झाडाच्या पानाचे माप घेऊन गालाची कातडी वापरण्यास आणि श्वासासाठी नळ्या बसविण्यास सांगितले आहे. पुण्याच्या बातमीवरून लंडनच्या जोसेफ कार्प्यू याने 1814 साली असे नाक करून पाहिले, 1816 साली पुस्तक छापले, आणि ही पद्धत युरोपभर गेली. पाहणाऱ्या शल्यवैद्यांची नावे छापून आली, कावसजीचे आले. ज्याच्या हातांनी नाक घडले त्याचे नाव मात्र त्या वृत्तात नाही. आम्हांस याचे नवल वाटत नाही. इमारतीच्या कोनशिलेवर गवंड्याचे नाव तरी कोठे असते?

असो. बाहेरचे नाक असे कातडीने उभे करता आले. आतली वळणे, ती लव, तो ओलावा कपाळाच्या कातडीतून होत नाही. म्हणून आतले जपावे लागते, आणि त्यातही मधला पडदा.

पडद्याच्या पुढच्या भागात, बोटाचे टोक पोचते तेथेच, अनेक रक्तवाहिन्यांची टोके एकत्र येतात. उन्हाळ्यात मुलांचा घोळणा फुटतो तो बहुधा येथून. मुलाला उताणे निजवू नये. रक्त घशात उतरते आणि ओकारी येते. बसवावे, मान किंचित पुढे झुकवावी, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून घड्याळात दहापंधरा मिनिटे न सोडता दाबून ठेवावा. मध्येच थांबले का म्हणून पाहू नये. रक्त त्यानेही न थांबले तर दवाखाना गाठावा. कांदा हुंगविण्याने काही होत नाही. फार तर कांद्याला काम मिळते.

पडद्यातल्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. दोन्ही बाजूंच्या अस्तरांवर तिचे पोषण चालते. दोन्हीकडचे अस्तर एकाच जागी मेले की मधली कूर्चा उपाशी मरते आणि तेथे भोक पडते. हे आम्ही पुस्तकात वाचण्याआधी एका माणसात पाहिले.

2009 साली खोपोलीच्या बाजूला एका कारखान्यात लोखंडी भागांवर क्रोम चढविण्याचे खाते होते. तेथला एक कंत्राटी कामगार सभेला येऊन बसला की आम्हांस बारीक शीळ ऐकू येई. आम्ही प्रथम रागावलो. वाटले, पोरगा टवाळी करतो. ती शीळ त्याच्या श्वासाची होती. त्याला दुखत नव्हते, वासही येत होता, फक्त नाकात खपल्या धरत आणि कधी रक्त येई. कारखान्याच्या डॉक्टरने दोन वेळा सर्दीच्या गोळ्या दिल्या होत्या. आम्ही त्याला मुंबईला कान-नाक-घशाच्या तज्ज्ञाकडे नेले. त्यांनी एका नाकपुडीत उजेड धरला आणि तो दुसऱ्या नाकपुडीतून दिसला.

क्रोमच्या हौदात वीज सोडली की बुडबुडे उठतात आणि क्रोमिक आम्लाचे सूक्ष्म तुषार हवेत येतात. ते नेमके पडद्याच्या पुढच्या भागावर बसतात. हाताचे बोट नाकात गेले की भर पडते. जखम बधिर असते, म्हणून माणूस तक्रार करीत नाही. आणि बाहेरून नाकाचा आकार सहसा बदलत नाही, म्हणून दुसऱ्या कोणाला दिसत नाही. हा रोग नवा नाही. 1948 च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत क्रोमचे व्रण हा कळविण्याजोगा रोग म्हणून घातला गेला, 1923 च्या नुकसानभरपाईच्या कायद्याच्या अनुसूचीतही क्रोमियमपासून होणारे रोग आले, आणि 1963 च्या महाराष्ट्र कारखाने नियमांत क्रोम चढविण्याच्या कामासाठी स्वतंत्र अनुसूची लिहिली गेली. हौदावर वाफ ओढून नेणारी यंत्रणा असावी, हे काही आम्ही शोधून काढलेले नाही.

त्या कारखान्यात पंखा होता; तो कामगारांच्या पाठीमागे बसविलेला होता आणि हौदावरची वाफ त्यांच्याच तोंडावर आणीत होता. व्यवस्थापनाचे म्हणणे पडले की पोराला नाकात बोट घालण्याची खोड आहे. बैलाला वेसण घालतात ती याच पडद्यातून, पण तेथे निदान बैल कोणाचा आहे हे तरी सगळे कबूल करतात. आमच्या पोराच्या बाबतीत कंत्राटदार म्हणे तो कारखान्याचा, आणि कारखाना म्हणे कंत्राटदाराचा. अकरा महिने भांडल्यावर हौदाच्या कडेला वाफ ओढणारी पोकळ पट्टी बसली. भरपाई मिळाली ती भोकाच्या मानाने लहान. लहान भोक शस्त्रक्रियेने कधी कधी बुजवता येते, किंवा त्यात सिलिकॉनची गुंडी बसवतात. त्याने गुंडी बसविली आणि शीळ थांबली. तो आता भिवंडीकडे गोदामात असतो. अधूनमधून फोन करतो.

तेव्हापासून क्रोमच्या खात्यातल्या लोकांची बैठक असली की आम्ही खिशात एक लहान बॅटरी ठेवतो. पावतीपुस्तकाच्या आधी ती बाहेर येते. प्रत्येकाने शेजाऱ्याचे नाक पाहावयाचे. मान थोडी मागे, नाकाचा शेंडा अंगठ्याने वर, आणि उजेड पडद्याच्या पुढच्या भागावर. गुलाबी ओलसर दिसले तर ठीक. पांढुरका कोरडा डाग, न सुटणारी खपली किंवा वारंवार रक्त असेल तर त्याच आठवड्यात तज्ज्ञाकडे. आणि जाताना कामाचे खाते कोणते व हौद कसला हे कागदावर लिहून न्यावे, कारण डॉक्टर विचारीलच असे नाही. पहिल्या दिवशी लोक लाजतात, हसतात. व्याख्यान संपल्यावर येथेही चारसहाजण बॅटरीपाशी थांबले. त्यांत भट्टीवर काम करणारी एक बाई होती. तिच्या नाकात दोन्ही बाजूंना काजळी होती आणि पडदा शाबूत होता. छातीचे मात्र आम्ही बॅटरीने सांगू शकलो नाही; तिला कर्जतला छातीचे चित्र काढून घेण्यास सांगितले आहे.